हरणाला केवढी गोळी लागते

सुहैल उगवला. मी स्वतः पाहिला नाही, पण गेल्या आठवड्यात ऑफिसातल्या प्रत्येक कतारी माणसाच्या फोनवर त्याचे फोटो फिरत होते आणि जो तो एकमेकांचं अभिनंदन करत होता. ऑगस्ट सरता सरता पहाटे दक्षिणेला हा तारा दिसला की उन्हाळ्याचं कंबरडं मोडलं, असं इथे धरतात. मोडत वगैरे काही नाही. अल खोरच्या आमच्या वसाहतीतून पहाटे पावणेपाचला कंपनीची बस निघते. घराबाहेर पाऊल टाकताक्षणी चष्म्याच्या काचा वाफेने भरतात, शर्ट पाठीला चिकटतो, आणि बसमध्ये चढलं की एसीचा तो कुबट गारवा अंगावर येतो. पण सुहैल आला म्हणजे शिकारीचा हंगाम आला. ससाणे पाळणारे पिसं तपासू लागतात, वाळवंटात तंबू कुठे टाकायचे याच्या गप्पा सुरू होतात, आणि ज्यांना परवडतं ते थंड देशांतल्या डोंगरांची तिकिटं काढतात. आमच्या गावी याच ताऱ्याला अगस्ती म्हणतात. तो दिसला की ओढ्याचं पाणी नितळतं, असं जुनी माणसं सांगायची. तारा एकच, आणि त्याच्याकडे बघून इथे माणसं बंदुका पुसायला घेतात.

परवा साहेबांचा फोन आला. "या मुहंदिस, यंदाचा तक्ता कधी देतोस?" अरबीत 'या' म्हणजे अरे आणि मुहंदिस म्हणजे इंजिनिअर. माझं नाव त्यांना नीट घेता येत नाही असं नाही, पण लाडात आले की ते मला मुहंदिस म्हणतात. "इन्शाल्ला, गुरुवारपर्यंत," मी म्हणालो. फोन ठेवला. गेल्या वर्षीचा सगळा हंगाम त्या एका वाक्यासरशी पुन्हा तोंडात आला, कडूच्या कडू.

मी खरेदी खात्यात आहे. सतरा वर्षं झाली. व्हॉल्व्ह, पंप, गॅस्केट असल्या वस्तूंसाठी पाच पुरवठादारांचे प्रस्ताव येतात. ते शेजारी शेजारी मांडायचे, प्रत्येक गुणाला एक रकाना द्यायचा, आणि शेवटच्या रकान्यात शिफारस लिहायची. या कामात माझा हात धरणारा आमच्या मजल्यावर कोणी नाही, हे मी नम्रता बाजूला ठेवून सांगतो. सवय घरातही शिरली आहे. फ्रिज घेताना तक्ता, मुलीची शाळा निवडताना तक्ता. माझी बायको मृणाल पाहुण्यांसमोर हमखास म्हणते, "लग्नाआधी यानं माझाही तक्ता केला असणार. शिफारशीच्या रकान्यात काय लिहिलं होतं तेवढं एकदा दाखव म्हणावं." पाहुणे हसतात. मीही हसतो.

आमचे साहेब, अबू नासिर, वाईट माणूस नाहीत. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं वाचून तसं वाटेल. माझी आई गेली तेव्हा सुट्टी, तिकीट, विमानतळापर्यंत गाडी, सगळं त्यांनी दोन तासांत करून दिलं होतं. गेल्या वर्षी सुहैल उगवला त्या आठवड्यात त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, करक, म्हणजे इथला दाट दुधाचा उकळलेला चहा, मागवला आणि म्हणाले, "ऑक्टोबरमध्ये हरणाच्या शिकारीला जातोय. खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून मोठी रायफल सोसत नाही. कुठलं कॅलिबर घ्यावं, दहा जण दहा गोष्टी सांगतात. तू एक तक्ता कर. तू व्हॉल्व्ह निवडतोस, हे त्याहून सोपं."

पंपाची मागणी आली तर मी आधी वीस प्रश्न विचारतो. आतून वाहणार काय, किती गरम, किती दाबाने. त्याशिवाय मी पुरवठादाराला पत्रसुद्धा पाठवत नाही. पण आमच्या ऑफिसचा एक न लिहिलेला रिवाज आहे. प्रश्न खाली विचारायचे, वर नाही. साहेबांना उलट प्रश्न विचारला म्हणजे तुम्हाला विषय येत नाही. शिवाय पन्नाशी ओलांडलेल्यांची कंत्राटं पुढे चालवायची की नाही, याची यादी त्याच ऑक्टोबरमध्ये साहेबांच्या टेबलावर येणार होती, आणि इरा, आमची मुलगी, अकरावीत होती. मी चहा संपवला, "यस सर" म्हणालो आणि उठलो.

कॅलिबर म्हणजे नळीची आतली रुंदी, त्यावरून गोळीची जाडी. एवढंच मला ठाऊक होतं. पण आठवडाभरात मी त्या विद्येत बुडालो. परदेशी शिकारी या विषयावर इंटरनेटवर इतक्या तावातावाने भांडतात की आपल्याकडची मिसळीवरची भांडणं फिकी पडावीत. टू-फोर-थ्री, सिक्स पॉइंट फाइव्ह, थ्री-ओ-एट, थर्टी-ओ-सिक्स. प्रत्येकाचे भक्त वेगळे. गोळीचं वजन, वेग, दोनशे मीटरवर किती खाली येते, खांद्याला किती धक्का देते, सगळे आकडे सापडत होते. मला मजा येऊ लागली होती. लपवण्यात अर्थ नाही, मजा येत होती. फक्त एक रकाना भरेना. गोळी लागल्यावर जनावराचं काय होतं? तिथे जो तो स्वतःच्या बढाया लिहीत होता. आणि मला ठाऊक होतं की हे ज्याने खरोखर पाहिलंय असा एक माणूस माझ्या ओळखीचा आहे.

माझे वडील, तात्या, दाजीपूरच्या जंगलात वनरक्षक होते. उभी नोकरी त्यांनी गवे, सांबरं, भेकरं राखण्यात घालवली. चोरटे शिकारी ठासणीच्या बंदुका घेऊन यायचे, चुकतमाकत बार टाकायचे, आणि जखमी जनावर जंगलात निघून जायचं. मी सातवीत असताना शिष्यवृत्तीत आलो म्हणून शाळेत सत्कार होता. तात्या येणार होते, आले नाहीत. पोटात छर्रे घुसलेल्या एका सांबराच्या मागावर ते तीन दिवस फिरत होते. परतले तेव्हा पोटऱ्यांना जळवा लागलेल्या होत्या आणि कपड्यांना कुजक्या पाल्याचा वास येत होता. मी बोललो नाही त्यांच्याशी. ते एवढंच म्हणाले, "लागलेलं जनावर तसंच सोडायचं नसतंय बाळ. कुणीतरी मागं जावं लागतंय." ही गोष्ट मी पुढे कॉलेजात, मग इथल्या मंडळाच्या जेवणावळीत विनोद म्हणून सांगत आलो. माझ्या सत्कारापेक्षा आमच्या बापाला सांबर मोठं, असा तिचा शेवट असे. त्यांच्या कामाबद्दल मी त्यांना आयुष्यात एकही प्रश्न विचारला नव्हता.

शुक्रवारी सकाळी फोन लावला. इथे शुक्रवार म्हणजे सुट्टी. खिडकीबाहेर धुळीने पांढरट झालेलं आभाळ, मृणालच्या पोह्यांना फोडणी बसत होती.

"तात्या, हरणाला गोळी लागली की काय होतं?"

"का रं? तुला कशाला पायजे ते?"

खरं सांगायला काय हरकत होती, असं आता वाटतं. तेव्हा जीभ रेटली नाही. "इराच्या शाळेत प्रोजेक्ट आहे. जंगल वाचवण्यावर."

 पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. म्हातारा बसून घेत होता, सावकाश सांगता यावं म्हणून. "लिही म्हणावं पोरीला," ते म्हणाले. "गोळी मारत न्हाई, जागा मारती. फऱ्याच्या मागं, छातीत लागली तर जनावर पन्नास पावलांत बसतंय. पोटात लागली की पाठ वाकवतंय, अशी कमान करतंय, आन चालत सुटतंय. दोन दोन दिवस चालतंय. आन लहान गोळी मोठ्या जनावराला म्हंजे तर निस्ता छळ. आत जाती, पर पोचत न्हाई." पाऊण तास ते बोलत होते. रक्ताचा रंग कसा ओळखायचा, वाकलेलं गवत किती वेळाने सरळ होतं. त्या दिवशी त्यांनी आपणहून आणखी तीनदा फोन केला. एक राहिलं म्हणून, मग दुसरं आठवलं म्हणून. शेवटच्या फोनला म्हणाले, "बरं वाटलं बघ. कुणी इचारतच न्हाई आता."

मी ते सगळं रकान्यात बसवलं. 'क्षेत्रीय अनुभव' असं वर शीर्षक दिलं.

शिफारस केली टू-फोर-थ्रीची. खांद्याला धक्का सगळ्यात कमी, मार सरळ, हरणाला पुरेशी. सप्टेंबरात दोह्याच्या शिकारी प्रदर्शनात साहेब मला बरोबर घेऊन गेले. ऊदाचा धूर, चामड्याचा वास, बुरखे घातलेले ससाणे आपापल्या खुंटांवर निमूट बसलेले, आणि मी ऑफिसच्या पँट-शर्टात, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. दुकानदाराने काचेवर काडतुसं ओळीने उभी केली. साहेबांनी त्यातलं टू-फोर-थ्री उचलून माझ्या तळहातावर ठेवलं. पितळ गार होतं, पुढची गोळी करंगळीच्या टोकापेक्षाही बारीक. दुकानदार म्हणाला, जरा मोठं घ्या. साहेबांनी खिशातून माझ्या तक्त्याची घडी काढून त्याच्यासमोर पसरली. "माझ्या इंजिनिअरने केलाय," ते म्हणाले. त्या वाक्याने मी फुगलो, हे कबूल करतो. दुकानदाराने कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि गप्प बसला. छापील तक्त्यापुढे माणसं गप्प बसतात. माझा अख्खा धंदा त्यावर चालतो.

ऑक्टोबरात साहेब परतले. कंत्राटाच्या यादीवर माझ्या नावापुढे सही झाल्याचं मला आदल्याच दिवशी कळलं होतं, म्हणून मी जरा हवेतच होतो. केबिनमध्ये त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. उंच डोंगर, पाइनची झाडं, करडं आभाळ. उतारावर एक जनावर उभं होतं. शिंगं फांद्याफांद्यांची, छाती गव्यासारखी भरदार. मला वाटलं, आधी दुसरंच काहीतरी दाखवतायत, हरीण नंतर येईल.

"हे काय आहे, सर?"

"हरीण! मारल म्हणतात तिकडे. बघ, आता बघ."

बार झाला. जनावर हललं. त्याने पाठ वाकवली, अशी कमान केली, आणि झाडांमध्ये चालत निघून गेलं. धावलंसुद्धा नाही. साहेब कौतुकाने म्हणाले, "लागली! पाहिलंस ना?"

"किती वजन असेल याचं?" वर प्रश्न विचारायचा नाही, हा रिवाज मी त्या दिवशी मोडला, दीड-दोन महिने उशिरा.

"तीनशे किलो, माशाल्ला! तिथला वाटाड्या म्हणत होता, ही गोळी लहान पडेल. मी त्याला तुझा तक्ता दाखवला."

हरीण म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर भेकर होतं. दाजीपूरचं, कमरेइतक्या गवतातून टुणकन उडी मारणारं, वीस-पंचवीस किलोचं. फार तर सांबराची मादी. जगात याहून मोठं हरीण असतं आणि साहेब त्याच्याच शिकारीला चाललेत, हे मी विचारलं नाही, शोधलं नाही. पंपातून काय वाहणार हे न विचारता मी पंप पाठवला होता.

"मग सापडलं का, सर?"

"कुठलं? बर्फ सुरू झालं, आमचं विमान होतं. खलास." मग खांद्यावर थाप मारून म्हणाले, "पुढच्या वर्षी मोठी गोळी. तू बघशीलच."

मी माझ्या टेबलाशी आलो आणि गॅस्केटची एक फाईल उघडून बसलो. मला जनावरांचा फार कळवळा आहे असं नाही. मी कोल्हापूरचा आहे, रविवारी मटण लागतं, आणि बोकडाने किती वेळ घेतला हे मी कधी खाटकाला विचारलेलं नाही. पण ती वाकलेली पाठ काही डोळ्यांसमोरून जाईना. तात्यांनी मला ती शब्दांत दाखवली होती, लहान गोळीबद्दलही स्वच्छ सांगितलं होतं. ते मी सुबक अक्षरांत एका चौकटीत लिहून वर शीर्षक दिलं होतं आणि पुढच्या चौकटीत नेमकी लहान गोळी सुचवली होती.

दिवाळीला घरी व्हिडिओ कॉल लावला. तात्या नवा शर्ट घालून ओसरीवर बसले होते. फराळाचं बोलून झालं, मग त्यांनी इराला हाक मारली. "काय मग, प्रोजेक्टला किती मार्क मिळाले?"

इराने माझ्याकडे पाहिलं. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं. "व्हॉट प्रोजेक्ट, आजोबा?"

तात्यांनी पुन्हा विचारलं नाही. तिला म्हणाले, "जा, चकली खा." ती गेल्यावर मला म्हणाले, "मग कुणासाठी इचारालतास?"

सांगितलं. सगळं सांगितलं, तक्ता, साहेब, डोंगर. फोनच्या पडद्यावर त्यांचा चेहरा स्थिर होता, इतका की मला वाटलं लाइन अडकली.

"लागली त्येला?"

"लागली."

"कुठं?"

"पाठ वाकवली त्यानं."

तात्यांनी डोळे मिटून घेतले. "आन मागं कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं, तात्या."

यावर ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "जेवून घ्या," म्हणाले, आणि फोन ठेवला. मृणालने रांगोळी काढता काढता सगळं ऐकलं होतं. ती एवढंच बोलली, "निदान पोरीचं नाव पुढे करायचं नव्हतंस."

त्यानंतर वर्षभर तात्या माझ्याशी नीट बोलतात. तब्येत, पाऊसपाणी, गॅसचा नंबर, शेजारच्यांचं लग्न. जंगलाचं एक अक्षर नाही. आयुष्यात एकदा त्यांना विचारणारा भेटला होता, त्याने ते ऐकून घेऊन बंदुकीला जोडलं. हिवाळ्यात आम्ही इथल्या एका राखीव रानात गेलो होतो, तारेच्या कुंपणामागे वाळूच्या रंगाची छोटी हरणं असतात. इराने फोटो काढून आजोबांना पाठवले. त्यांनी अंगठा पाठवला. मी त्यांना मुद्दाम विचारलं, "तात्या, ही उन्हात कशी तगत असतील हो?" म्हणाले, "मला काय म्हाईत." ज्या माणसाने नुसत्या लेंड्या बघून जनावराचं वय सांगितलं असतं, तो मला म्हणाला, मला काय माहीत.

या वर्षी मी सगळे प्रश्न विचारले. जनावर केवढं, अंतर किती, चढ कसा, वारा कसा, खांदा आता कसा आहे. साहेब खूश झाले. "आता तू शिकलास," म्हणाले. नाही म्हणता आलं असतं का? आलं असतं बहुतेक. साहेबांनी मला काढून टाकलं नसतं, दुसऱ्या कुणाकडून तक्ता करून घेतला असता. आणि तो दुसरा कोणीतरी पुन्हा लहान गोळी सुचवेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. समजूत घालायलाही मला तक्त्यासारखीच कारणं लागतात. तात्यांना मात्र या खेपेला काही विचारायचं नाही, हे पक्कं ठरवलं होतं.

काल संध्याकाळी त्यांचाच फोन आला. मी बसमधून उतरून घराकडे चाललो होतो.

"तुझ्या सायबाचा हंगाम आला असंल न्हवं?"

मी रस्त्याच्या कडेला थांबलो. "आला."

"जाणार हाय?"

"जाणार आहेत."

"या खेपेला वजन इचारलास?"

"विचारलं. तेच, तीनशे किलो."

 मागे त्यांच्या ओसरीवरच्या पंख्याची घरघर ऐकू येत होती. मग म्हणाले, "वाच. काय काय हाय त्ये वाच."

मी फोनमध्येच तक्ता उघडला आणि वाचत गेलो. नाव, गोळीचं वजन, वेग, किती खोल जाते. माझा आवाज मलाच परका वाटत होता. ते मधेच थांबवून एखादा आकडा पुन्हा विचारत होते, आणि प्रश्न अगदी नेमके होते, माझ्या कुठल्याही पुरवठादाराला घाम फुटला असता असे. ज्यांनी हाडाची काडं करून सांबरं राखली, रात्री-अपरात्री बंदुकवाल्यांच्या अंगावर निव्वळ काठी घेऊन गेले, ते माझे वडील एक हरीण मारायची गोळी निवडत होते.

"ती तिसरी," ते म्हणाले. "तीच लिही. आन छातीतच मारायला सांग. मागं जाणारा माणूस आधी ठरवल्याबिगर बार टाकू नको म्हणावं. लिहिलास?"

"लिहिलं, तात्या."

"इरा हाय का तितं?"

"घरात असेल. देतो थांबा, पोचतोच दोन मिनिटांत."

"नको, देऊ नको." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "तिला सांगू नको, मी काय सांगितलो ते."

"नाही सांगत," मी म्हणालो.